पाचवीतल्या लेकराचा नवोदयचा फॉर्म भरण्याआधी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पाचवीच्या वर्गाबाहेर एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मॅडम, पोरगं लई हुशार हाय. बसवूया का नवोदयला?" विचारणारा कधी डेअरीला दूध घालून तसाच आलेला शेतकरी असतो, कधी शिरोली एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून आलेला कामगार, तर कधी पदराला हात पुसत थांबलेली आजी. उत्तरही बहुतेकदा एका दमात मिळतं, "बसवा की!"

माझं म्हणणं असं की "हुशार आहे का" हा या प्रवेशातला पहिला प्रश्नच नाही. आधी बघायचं, मूल तिसरी, चौथी आणि पाचवी कुठल्या गावातल्या शाळेत शिकलं. मग त्याची जन्मतारीख. मग अकराव्या वर्षी ते घर सोडून राहील का, हे. हुशारीचा नंबर या तिघांनंतर लागतो. हा क्रम उलटा धरल्यामुळे वर्षभर क्लासला घातलेली, खरोखर चुणचुणीत लेकरं कागदावर अडकलेली मी बघितली आहेत. म्हणून हा लेख.

नवोदयची तोंडओळख थोडक्यात. 1985-86 मध्ये प्रयोग म्हणून अशा दोन शाळा निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांना पक्की जागा दिली. हेतू सरळ होता. खेड्यातल्या हुशार मुलाला केवळ घरी पैसा नाही म्हणून चांगलं शिक्षण मिळू नये, असं व्हायला नको. आज तमिळनाडू सोडला तर देशातल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात जवाहर नवोदय विद्यालय आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं कागलला आहे. सहावी ते बारावी, सीबीएसई अभ्यासक्रम, मुलंमुली एकत्र, पूर्ण निवासी. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश आणि पुस्तकं मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला 600 रुपये घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली मुलं यांना त्यातून सूट आहे. सरकारी नोकरदारांच्या मुलांना हा निधी जास्त पडतो.

सहावीला जागा जास्तीत जास्त 80. चंदगडच्या टोकापासून शाहूवाडीपर्यंत बारा तालुक्यांना मिळून या 80.

गाव की शहर, हे घरावरून नाही, शाळेवरून ठरतं

या 80 पैकी किमान 75 टक्के, म्हणजे 60 जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. उरलेल्या 20 शहरी मुलांसाठी राखून ठेवलेल्या आहेत, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. त्या जागा गुणांप्रमाणे भरतात आणि त्यांवर ग्रामीण मूलही येऊ शकतं. म्हणजे शहरी गटात गेलेल्या मुलासाठी वाट फारच अरुंद होते.

आता ग्रामीण कोण? नियम सांगतो की मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं, पूर्ण सत्र, ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली हवीत. या तीन वर्षांत एक दिवस जरी ते शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असलं, तरी ते शहरी धरलं जातं. एक दिवस, असंच त्यात म्हटलेलं आहे. बाप शेतकरी आहे का, रेशनकार्डावर गावाचं नाव आहे का, सातबारा आहे का, याचा इथे काही संबंध नाही.

कोल्हापुरात हा नियम लोकांना कसा अडचणीत आणतो, ते बघा. पाचगाव, उचगाव, कळंबा ही गावं शहराला इतकी चिकटली आहेत की रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत. घर पाचगावात असतं, पण "जरा बरी शाळा" म्हणून लेकरू मंगळवार पेठेत किंवा राजारामपुरीत घातलेलं असतं. ते लेकरू शहरी. उलट शहरात भाड्याने राहून मुलाला ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या शाळेत पाठवणारं कुटुंबही असतं. त्यांचं लेकरू ग्रामीण. आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो तिसऱ्या प्रकाराने. पोरगा गावच्या झेडपीत चौथीपर्यंत उत्तम शिकला, गुरुजींनीच सांगितलं की हा नवोदयला लागेल, म्हणून आईबापांनी मोठ्या हौसेने त्याला पाचवीला कोल्हापुरात मामाकडे आणला आणि नामांकित शाळेत घातला, तयारी चांगली व्हावी म्हणून. त्या एका दाखल्याने तो साठ जागांच्या रांगेतून बाहेर पडला. ज्यांच्या घरात आता दुसरी-तिसरीतलं मूल आहे, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. शाळा बदलायची तर बदला, पण त्याची ही किंमत माहीत असू द्या.

दुसरी पंचाईत लहान गावांची. जयसिंगपूर, गडहिंग्लज, मुरगूड ही नगरपालिकेची गावं शहरी, हे सगळ्यांना कळतं. पण आजरा, चंदगड, हातकणंगले इथे नगरपंचायती झाल्या आहेत. वागण्या-बोलण्यात, शेतीभातीत अजून गावच, दप्तरी मात्र नागरी भाग. आणि खुद्द कोल्हापूरची हद्दवाढ हा तर चहाच्या टपरीवरचा कायमचा विषय. 1972 मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून हद्द तशीच आहे आणि कुठली गावं आत घ्यायची यावर वाद चालूच आहे. नवोदयचा नियम याही बाबतीत स्पष्ट आहे: नोंदणीच्या तारखेला सरकारी अधिसूचनेप्रमाणे जो भाग शहरी, तो शहरी, बाकी सगळा ग्रामीण. चर्चेला, प्रस्तावाला किंमत नाही. शंका असेल तर मुख्याध्यापकांना शाळेच्या यू-डायस (शाळांच्या माहितीच्या सरकारी) नोंदीत ग्रामीण लिहिलंय की शहरी, ते दाखवायला सांगा. ही नोंद प्रत्येक शाळेची असते. तिथेही गोंधळ वाटला तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून खात्री करून घ्या.

जिल्ह्याचंही तसंच. मूल पाचवीला ज्या जिल्ह्यात शिकतं आणि राहतं, तिथल्याच नवोदयसाठी अर्ज करता येतो. शिरोळ तालुक्यात घर आणि सांगलीत शाळा, अशी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी पाचवी सुरू होण्याआधीच याचा निकाल लावलेला बरा.

तारीख आणि एकच संधी

2026-27 च्या सहावीच्या प्रवेशासाठी जन्मतारीख 1 मे 2014 ते 31 जुलै 2016 या दरम्यानची हवी होती. दर वर्षी ही मर्यादा एक वर्षाने पुढे सरकते. दोन्ही टोकांच्या तारखा धरल्या जातात. यात सवलत कुणालाच नाही, कुठल्याही प्रवर्गाला नाही. शाळेच्या रजिस्टरात, आधारवर आणि जन्मदाखल्यावर वेगवेगळ्या तारखा असणारी मुलं अजूनही निघतात. ते दुरुस्त करायला लागणारा वेळ धरून चला.

नवोदयची प्रवेश परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीत. नापास होऊन किंवा मुद्दाम मागे ठेवून पुन्हा पाचवीत बसवलेलं मूल अपात्र ठरतं. "यंदा अनुभव घेऊ दे, पुढच्या वर्षी जोर लावू" हा सल्ला शिष्यवृत्तीच्या किंवा इतर कुठल्या परीक्षेला चालत असेल, इथे चालत नाही.

अर्ज ऑनलाइन, नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर, आणि तो मोफत आहे. सायबर कॅफेवाला भरून देण्याची मजुरी घेईल, तेवढीच. साधारण जून-जुलैला अर्ज सुटतात. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा ठराविक नमुन्यातला दाखला, मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही, आधार किंवा रहिवासाचा पुरावा, एवढं अपलोड करायचं. त्या दाखल्यावर तिसरी-चौथी-पाचवीच्या शाळा आणि ग्रामीण-शहरी यांचे रकाने असतात. पालक सही करताना तेच वाचत नाहीत. कॅफेवाल्याने घाईत "शहरी" वर टिचकी मारलेली कुणाच्याच लक्षात येत नाही. फॉर्म पाठवण्यापूर्वी स्क्रीनवरचा प्रत्येक रकाना स्वतः वाचा, परीक्षेचं माध्यम सुद्धा. मराठी माध्यमाच्या मुलाच्या फॉर्मवर इंग्रजी पडलं तर प्रश्नपत्रिका इंग्रजी येईल.

आरक्षणाचं गणित

ज्या शहरात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, तिथल्या लोकांना आरक्षण म्हणजे काय हे शिकवायला नको. पण नवोदय ही केंद्राची संस्था आहे आणि तिथे केंद्राच्या याद्या चालतात. गल्लत होते ती इथेच. अनुसूचित जातींना किमान 15 टक्के आणि जमातींना किमान साडेसात टक्के जागा, जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. इतर मागासवर्गाला 27 टक्के, पण केंद्राच्या ओबीसी यादीप्रमाणे. दिव्यांगांना नियमाप्रमाणे. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींसाठी.

राज्याने मराठा समाजाला दिलेलं एसईबीसी आरक्षण इथे लागू होत नाही, आणि ईडब्ल्यूएसचा वेगळा कोटाही सहावीच्या या प्रवेशात नाही. राज्यात भटक्या जमातीत मोडणाऱ्या धनगरांसारख्या जाती मात्र केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत, त्यामुळे त्यांनी फॉर्मवर "खुला" लिहून आपली जागा घालवू नये. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, नॉन-क्रिमीलेयरसह. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन जूनमध्ये कागलला गेलात की परत तहसीलला पळावं लागतं. निकालाची वाट न बघता हा दाखला हिवाळ्यातच काढून ठेवा.

पेपरात असतं काय

दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण आणि चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

यातले 40 प्रश्न, म्हणजे 50 गुण, मानसिक क्षमता चाचणीचे. अंकगणिताचे 20 आणि भाषेचे 20, प्रत्येकी 25 गुण. मानसिक क्षमतेत शब्द नाहीत, आकडे नाहीत, फक्त आकृत्या आहेत. दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न: वेगळी आकृती शोधा, तशीच आकृती शोधा, राहिलेला तुकडा ओळखा, मालिका पुढे न्या, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी, लपलेली आकृती, असं.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे ते याच निम्म्या पेपराबद्दल. आपल्या पाठ्यपुस्तकात या आकृत्या जवळजवळ नाहीतच. त्यामुळे वर्गात पहिला येणारा मुलगा त्या पहिल्यांदा बघतो तेव्हा गोंधळतो, आणि मागच्या बाकावरची, वहीत सतत नक्षी काढणारी मुलगी पटापट सोडवते. पहिल्या आठवड्यात काय जमलं त्यावरून "याला जमणार नाही" असं ठरवू नका. हा सरावाचा भाग आहे आणि सराव घरी, फुकट होतो.

कागदाच्या घडीचा प्रश्न घ्या. चौकोनी कागद. उजवी बाजू डावीवर दुमडली, मग वरची बाजू खाली दुमडली. आता झालेल्या लहान चौकोनाच्या मधोमध भोक पाडलं. उलगडल्यावर किती भोकं? चार, प्रत्येक भागात एक. हे मुलं लगेच सांगतात. आता तेच भोक मधोमध न पाडता वरच्या उजव्या कोपऱ्यातून पाव गोल कातरला. उलगडल्यावर? बरीच मुलं पुन्हा "चार" म्हणतात. प्रत्यक्षात कागदाच्या बरोबर मध्यभागी एकच पूर्ण गोल दिसतो, कारण दोन्ही घड्यांच्या कडा जिथे मिळतात तो कोपरा म्हणजेच मूळ कागदाचा मध्य. आणि वरच्या कडेच्या मध्यावर अर्धा गोल कातरला तर? दोन पूर्ण गोल, मधल्या आडव्या रेषेवर, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे फळ्यावर सांगून कळत नाही. जुन्या वहीची पानं आणि कात्री द्या. दहा-बारा पानं कातरली की लेकरू कागद न उघडताच सांगायला लागतं. स्वयंपाक करता करता आई हे करून घेऊ शकते, त्यासाठी तिचं शिक्षण किती झालंय याने काही फरक पडत नाही.

अंकगणित पाचवीच्या पातळीचंच असतं: मसावि-लसावि, अपूर्णांक, नफा-तोटा, क्षेत्रफळ. फसतात ती एककं बदलताना. "गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, 30 किलोचा. असे 8 रवे 4200 रुपये क्विंटल दराने विकले, तर किती रुपये आले?" मूल 8 ने आणि 30 ने गुणतं, 240 काढतं आणि लगेच 4200 ने गुणायला बसतं. क्विंटल म्हणजे 100 किलो, म्हणून 2.4 क्विंटल, आणि उत्तर 10,080 रुपये. ज्या पोराने शाहू मार्केट यार्डात आजोबांबरोबर गुळाचा सौदा बघितलाय, त्याला हे गणित सोपं जातं. घरातली मालविक्रीची पट्टी, डेअरीचं बिल, खताची पावती त्याच्या हातात द्या आणि "बेरीज बरोबर आहे का बघ" म्हणा.

भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. इथे पाठांतर उपयोगी नाही, रोज काहीतरी मराठी वाचणं उपयोगी आहे. एवढंच पुरे.

उत्तरं ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने. पेन्सिल चालत नाही. दिसायला क्षुल्लक बाब, पण पाचवीतल्या मुलाला हात पेन्सिल-खोडरबराचा असतो. चुकलं की बोट ओलं करून गोल पुसायला जातं आणि कागद फाटतो. परीक्षेआधी महिनाभर तरी छापील ओएमआरवर पेनने सराव करून घ्या. प्रश्न क्रमांक आणि गोलाचा क्रमांक यांची सांगड तुटली तर पुढचं सगळं घसरतं, म्हणून दर पाच प्रश्नांनंतर क्रमांक पडताळायची सवय लावा.

परीक्षेची तारीख ठरलेली नसते. 2025 मध्ये प्रवेशाची परीक्षा 18 जानेवारीला झाली, त्याच्या पुढच्या वर्षासाठीची 13 डिसेंबर 2025 लाच घेतली. दिवाळीनंतर तयारीला लागू म्हणणाऱ्यांच्या हातात त्या वर्षी जेमतेम दीड महिना उरला.

क्लास लावायचा का?

शहरात आणि आता तालुक्याच्या गावीही "नवोदय-सैनिकी-शिष्यवृत्ती" असे फलक लागलेले दिसतात. माझं स्पष्ट मत आहे की शाळेत जादा तास होत असतील तर बाहेरच्या क्लासची गरज नाही. राधानगरी, भुदरगडकडच्या झेडपीच्या शाळांनी शिष्यवृत्तीत जे नाव कमावलंय, ते सकाळ-संध्याकाळच्या जादा तासांवर आणि गुरुजींच्या चिकाटीवर. गावची शाळा असं काही करत नसेल तर क्लास लावा, पण दहा वर्षांच्या पोराला शाळा सुटल्यावर एसटीने तासभर प्रवास करून रात्री नऊला घरी आणणार असाल, तर त्याचं वर्ष कसं जाईल तेही बघा. जुन्या प्रश्नपत्रिकांचं एक पुस्तक, आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून, आणि चुकलेल्या प्रश्नांवर बसून बोलणं, एवढ्यावरही मुलं लागतात.

"तीन वर्षांपासून गिफ्टेड बॅच" म्हणून पैसे घेणाऱ्यांपासून सांभाळून राहा. आणि एक हक्क माहीत असू द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे शाळेला प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. पहिल्या वेळी 25,000 आणि त्यापुढे प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी मागितली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड. नवोदय, सैनिकी शाळा यांना कायद्याने विशिष्ट प्रवर्गात घातलंय, ती गोष्ट वेगळी. शेजारच्या खासगी शाळेने पहिलीच्या मुलाला "हुशारांच्या तुकडीसाठी" परीक्षेला बोलावलं, तर ते मुकाट्याने मान्य करायची गरज नाही.

घर सोडायचं आहे, हे त्याला सांगितलंय का

कोल्हापूरला बोर्डिंग नवं नाही. 1901 मध्ये इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्यामागून जातीजातींची, धर्माधर्मांची वसतिगृहं उभी राहिली. आपल्या कित्येकांचे आजोबा बोर्डिंगात राहून शिकले. पण ते बहुधा हायस्कुलात गेलेले पोरगे होते. इथे आपण पाचवी झालेल्या लेकराबद्दल बोलतोय, जे अजून रात्री आजीच्या कुशीत झोपतं.

हा निर्णय निकालानंतर घ्यायचा नाही. फॉर्म भरण्याआधी मुलाला नीट सांगा: तिथे राहायचं, स्वतःचे कपडे, अंथरूण-पांघरूण स्वतः बघायचं, घरी सुट्टीतच यायचं, आम्ही भेटायला शाळा ठरवेल त्या दिवशीच येणार. सुट्टीत पंधरा दिवस आत्याकडे किंवा मावशीकडे आईबापाशिवाय ठेवून बघा. अंथरूण ओलं करणारं, औषधं चालू असलेलं, फार घाबरणारं मूल असेल तर डॉक्टरांशी आणि शाळेशी आधी बोला. आणि मूल ठाम नाही म्हणत असेल, तर त्याच्या नाहीला किंमत द्या. पहिल्या दोन महिन्यांत रडून परत आलेली मुलं असतात. त्यांची जागा नंतर कुणाला तरी मिळतेही, पण "पळून आलास" हे बोलणं त्या लेकराला भाऊबंदकीत वर्षानुवर्षं ऐकावं लागतं.

पालकांना बहुधा माहीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे स्थलांतर योजना. नववीत गेल्यावर साधारण 30 टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयला पाठवतात, आणि तिकडची मुलं इथे येतात. प्रवेशाच्या वेळीच पालकांना याची लेखी कबुली द्यावी लागते. मला ही योजना फार मोलाची वाटते. कागलच्या पोराने एक वर्ष हिंदी मुलखात काढलं तर देश म्हणजे काय ते त्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळेल. पण सही करताना वाचा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, नाहीतर तीन वर्षांनी आजी उपोषणाला बसते.

भाषेची काळजी मात्र फार करू नका. सुरुवातीला सातवी-आठवीपर्यंत शिकवणं मातृभाषेच्या आधाराने चालतं, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रं हिंदीत. झेडपीतून गेलेली मुलं हे पेलतात.

निवड झाली तरी, आणि नाही झाली तरी

यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश पक्का झाला असं नाही. कागदपत्रांची तपासणी होते आणि तिथे ग्रामीणचा दाखला, तिन्ही इयत्तांची प्रमाणपत्रं, जन्मदाखला, जातीचा दाखला, वैद्यकीय तपासणी यांत तफावत निघाली तर नाव कटतं. म्हणून पुन्हा सांगते, क्लासची फी भरण्याआधी ही फाइल तयार करा. प्रतीक्षा यादीही असते. पहिल्या यादीतलं कुणी आलं नाही किंवा कागदांत अडलं तर पुढच्याला बोलावतात. तेव्हा फॉर्मवर दिलेला मोबाइल नंबर बदलू नका.

आणि जी मुलं लागत नाहीत, ती बहुसंख्य असणारच आहेत. ही 80 भोकांची चाळण आहे, तिच्यातून खाली न पडलेलं प्रत्येक लेकरू मठ्ठ ठरत नाही. एका शनिवारच्या दोन तासांत आकृत्या किती पटापट सुटल्या, एवढंच तिला मोजता येतं. निकालाच्या दिवशी मुलासमोर शेजारच्या पोराचं नाव घेऊ नका.

त्याच्यापुढे वाटा आहेत. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला होती, ती परत चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला, तेव्हा आपल्या मुलाच्या इयत्तेचं काय ते शाळेत विचारा. सातारची सैनिकी शाळा आहे, 1961 मध्ये सुरू झालेली देशातली पहिली. तिची सहावीची परीक्षा 300 गुणांची असते आणि त्यातले 150 गुण एकट्या गणिताचे. तिथे फी मोठी आहे, ती आधी बघा. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी. लागलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती नवोदयमधल्या मुलांना मिळत नाही, गावच्या हायस्कुलात राहिलेल्यालाच मिळते.

आणि नवोदयचं दार सहावीनंतर पूर्ण बंदही होत नाही. नववीत रिकाम्या झालेल्या जागांसाठी आठवीतल्या मुलांची वेगळी परीक्षा होते, अडीच तासांची, 100 गुणांची: गणित 35, विज्ञान 35, इंग्रजी 15 आणि हिंदी 15. जागा थोड्या असतात आणि कुठल्या वर्षी किती, हे आधी सांगता येत नाही. तिचाही अर्ज त्याच संकेतस्थळावर, तसाच मोफत. हायस्कुलात ही परीक्षा फारशी कुणाला माहीत नसते, त्यामुळे आठवीच्या दिवाळीआधी वर्गशिक्षकांना जाऊन विचारायचं काम पालकांनाच करावं लागेल.